पन्नास मतांचा पोल

गावात माझी ओळख कृषी केंद्रवाला अशी कमी आणि अंदाजवाला अशी जास्त होती, आणि मला तेच आवडायचं. बियाणं काय, कुणीही विकतो. कोणत्या वॉर्डात कोण किती मतांनी पडणार हे मतदानाच्या आधी सांगणारा माझ्यासारखा दुसरा माणूस सगळ्या मोताळा तालुक्यात नव्हता. असं मीच लोकांना सांगायचो आणि लोक माना हलवायचे.

यात जादू काही नव्हती. जूनच्या तोंडावर प्रत्येक घरचा माणूस माझ्या काउंटरवर येतो. कपाशीची बॅग घेताना माणूस बोलतो. कोण कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला, कोण कोणाला दुकानात पाहून बाहेरच बिडी ओढत थांबला, कोणी कोणाचं वाण डोळे झाकून उचललं, एवढं ध्यानात ठेवलं की मतं कळतात. मी घरं धरून मोजायचो. आकडे कागदावर लिहायचे, कागद पाकिटात घालायचा आणि पाकीट शेजारच्या शिंप्याकडे ठेवायला द्यायचं. हा शिंपी मुसलमान, वयाने मोठा, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणायचो. निकालाच्या दिवशी चाचा आपल्या कात्रीने पाकीट उघडायचा आणि मोठ्याने वाचायचा. दोन-चार मतं इकडेतिकडे, बस. तो वाचत असताना माझ्या अंगावर जे मूठभर मांस चढायचं, त्यासाठी मी पाच पाच वर्षं वाट पाहायचो.

मग घरोघरी मोठे फोन आले. कापसाचे भाव कळावेत म्हणून मी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. त्यात पोल टाकायची सोय आली आणि मला खेळणंच सापडलं. यंदा कोणतं वाण? पोल. कापूस आता विकायचा की थांबायचं? पोल. गुलाबी बोंडअळी येईल का? त्याचाही पोल टाकला होता. 'नाही येणार' म्हणणारेच जास्त निघाले, आणि दिवाळीनंतर बोंड फोडावं तर आत अळी वळवळत होती. अळी न लागणारं बीटी बियाणं आलं तेव्हा अळीची जात संपली म्हणून आम्हीच दुकानदारांनी छाती ठोकून सांगितलं होतं. अळीने आमचं ऐकलं नाही. तरी लोक पोल सोडेनात. एकमेकांना भेटले की नमस्काराच्या आधी विचारायचे, "पोल पाह्यला काय?"

या पोलमध्ये एक गोष्ट होती जी गावाला ठाऊक नव्हती. खाली बारीक अक्षरात 'मते पहा' असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की कोणी कोणाला मत दिलं ते नावानिशी दिसतं. लोकांना वाटायचं, पोल म्हणजे मतपेटी, आत काय टाकलं ते कुणाला कळत नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कुणाला बोललो नाही. गाव माझ्यासमोर उघडं बसलं आहे आणि त्याला ते माहीत नाही, यात मोठी गंमत होती.

आता ज्या बाईमुळे हे लिहितोय तिच्याबद्दल सांगतो. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. वस्ती म्हणजे पंचवीस-तीस घरं, सगळी मजुरीवाली, थोडीफार बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याचं शेत करणारी. वस्तीवरून गावात यायला पांदण आहे, दोन बांधांमधली बैलगाडीची वाट. पावसाळ्यात ती वाट राहत नाही, गुडघाभर चिखल होतो. तिचा नवरा फवारणीवाला. पाठीवर पंप घेऊन लोकांच्या वावरात औषध मारायचं आणि रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, घ्यायचा. बोंडअळीच्या त्या साली तो माजी सरपंचाच्या वावरात फवारत होता. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, आत वारा नाही. औषध माझ्या दुकानातलं होतं. तीन औषधं एकत्र करून मारा, अळी जागेवर राहत नाही, हे मी सांगितलं होतं. कोणत्याही डब्यावर तसं छापलेलं नव्हतं. ते माझंच डोकं.

दुपारी तो कपाशीच्या ओळीत पडला. चार माणसांनी बाजेवर घातला आणि पांदणीने आणायला निघाले. ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर उभी होती आणि तो चिखलात होता. एकाचा पाय फसला की बाज खाली, पुन्हा उचल, पुन्हा खाली. जीव वाचला. डोळे पुरते गेले नाहीत, पण गेल्यातच जमा. उजेड कळायचा, समोर कोणी हललं तर कळायचं, अक्षर कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर बरंच वाचलं असतं.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. हातमोजे घाल म्हटलं होतं, तोंडाला फडकं बांध म्हटलं होतं, वारं पाहून चाल म्हटलं होतं. यातलं एकही मी म्हटलं नव्हतं, पण उत्तर पाठ होतं. ती दुकानात आली तेव्हा मी काउंटरच्या मागे उभा राहिलो आणि तोंड उघडायच्या बेतात होतो. ती म्हणाली, "पांदण बरी असती तं याचे डोये वाचले असते, भाऊ." बस. औषधाचं नाव नाही, माझं नाव नाही. मीठ-मिरची विचारावी तसं तिने फवारणीपंपाची जुनी नळी परत घेता का म्हणून विचारलं आणि गेली. तेव्हापासून मला तिचा राग होता. तिने चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. तिने मला मोकळं होऊ दिलं नाही.

दोन वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. माजी सरपंचाने आपल्या बायकोचा अर्ज भरला आणि सोबत एक डमी अर्ज भरला तो हिचा, फवारणीवाल्याच्या बायकोचा. छाननीत मुख्य अर्ज उडाला तर हाताशी दुसरा असावा म्हणून डमी भरतात, आणि छाननी सुखरूप पार पडली की डमीने गुपचूप मागे घ्यायचा, अशी आमच्याकडची रीत. हिला निवडलं, कारण वस्तीलाही बरं वाटेल आणि ही काही वर मान करून बोलणार नाही. छाननी झाली, सरपंचाच्या बायकोचा अर्ज पास झाला, आणि ही म्हणाली, "माहा अर्ज मी मागं घेत नाई. मले लढाचं हाय. पांदण कराची हाय."

मी तिचं नाव 'नॉन-बीटी' ठेवलं. कपाशीच्या बॅगेसोबत साध्या, म्हणजे नॉन-बीटी कपाशीच्या बियांची एक छोटी पुडी येते. ती वावराच्या कडेने पेरायची असते, म्हणजे अळीने खायचं ते तिकडे खावं. कुणी पेरत नाही, दुकानाच्या पायरीवरच फेकून देतात. जूनमध्ये माझ्या दारात त्या पुड्यांचा खच पडतो. डमी उमेदवाराला याहून चांगलं नाव सापडणार नाही, असं मला वाटलं. गावालाही वाटलं. दोन दिवसांत तिला तोंडावर सोडून सगळीकडे नॉन-बीटीच म्हणू लागले.

माजी सरपंच दुकानात आला आणि युरियाच्या पोत्यावर बसला.

"जबरदस्ती केली तं वस्ती फिरते," तो म्हणाला. "तिनं खुशीनं मागं घेतला पाह्यजे. ग्रुपवर पोल टाकला तं किती पडतीन बे तिले?"

"ईसाच्या वर नाई जात."

"पक्कं?"

"दादा, पाकिटात लिहून देतो." आणि मग मीच पुढे बोललो, मला कुणी विचारलं नव्हतं. "तिले म्हणा, पोल पाहू. पन्नास झाले तं तू राह्य, मी माह्या बायकोचा अर्ज मागं घेतो. नाई झाले तं तू घे. समदे पाहतीन, कोणाचा जोर नाई, कोणाची जबरदस्ती नाई."

"अन झाले तं?"

"होतच नाई."

पन्नास हा आकडा माझा आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर गावात तो सरपंचाच्या नावावर गेला.

ती कबूल झाली. मला वाटलं होतं, खळखळ करील. उलट तिचा चेहरा उजळला. लोकांना विचारून ठरणार, याच्याइतकी सरळ गोष्ट तिच्या वाट्याला कधी आली नसावी. तिने मला एकच विचारलं, "भाऊ, यात गडबड नसते ना?"

"मशीनचं काम हाय वहिनी," मी म्हटलं. "मशीनले काय सोयरं अन काय धायरं."

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी पोल टाकला. तीन नावं: सरपंचाची बायको, समोरच्या पॅनलची बाई, आणि सगळ्यात खाली ही. त्याखाली लिहिलं, "नॉन-बीटीले कोण कोण पेरते ते पाहू." हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. दुपारी तीनपर्यंत तहसीलला अर्ज मागे घेता येणार होता. ती सकाळच्या बसने शेजारणीला घेऊन मोताळ्याला गेली, म्हणजे काय होईल ते होईल, तिथंच हजर असावं. घरातला एकुलता एक मोठा फोन तिने नवऱ्याजवळ ठेवला आणि आपण शेजारणीचा साधा फोन नेला. वस्तीवर रेंज नाही, रेंज माझ्या दुकानापाशी येते. त्याला सांगून गेली, "भाऊच्या दुकानात बसजा. पन्नास झाले की फोन लावजा."

तो पांदणीने काठी टेकत येईपर्यंत इकडे भलतंच घडत होतं. साडेदहालाच तिच्या नावापुढे सव्वीस मतं होती. मी वीस म्हटलं होतं. मी 'मते पहा' वर बोट ठेवलं आणि एकेक नाव वाचत गेलो. वस्तीतली पोरं होती, ती मी धरलेलीच होती. पण सरपंचाच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांच्या घरचे फोन होते. सरपंचाचा ट्रॅक्टर चालवणारा होता. त्याच्या सख्ख्या भावाची सून होती. माझ्या दुकानात पोती उचलणारा हमाल होता, आणि तो त्या वेळी माझ्यासमोर पोतं उचलत होता.

मी नावं पुन्हा मोजली. तिच्या जिंकण्याची भीती वाटली असं नाही. माझा आकडा चुकत होता. आज मी जितकं खरं लिहायचं ठरवलं आहे तितकं लिहितो: पांदण, सरपंच, बाई, यातलं काहीही त्या घडीला माझ्या डोक्यात नव्हतं. वीस म्हटले होते, सव्वीस झाले होते, आणि अजून चढत होते.

मी त्या सव्वीस नावांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून दिला. वर काही लिहिलं नाही. गरजच नव्हती, सरपंच ग्रुपमध्येच होता.

पाच मिनिटं आकडा तसाच राहिला. मग सव्वीसचे पंचवीस झाले. तेवीस झाले. हमालाने पोतं खाली ठेवलं, कोपऱ्यात जाऊन फोन काढला, पाठ माझ्याकडे केली, आणि बावीस झाले. लोक किती घाईने भितात हे मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा आकड्यात पाहिलं. साडेअकराला नऊ होते. बाराला तीन. शेवटचं एक मत वस्तीतल्या एका पोराचं होतं, तो पुण्याला कंपनीत होता, त्याला कोण काय करणार? पण त्याचा बाप इथंच होता. बापाने फोन लावला आणि तेही गेलं. तिच्या नावापुढे शून्य राहिलं. माझा अंदाज बरोबर आला होता, आणि मी समाधानाने चहा मागवला.

तो पायरीवर येऊन बसला तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"किती झाले, भाऊ?"

"चालू हाय अजून."

"माहं टाकाचं राह्यलं." त्याने खिशातून फोन काढला, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला. "कोठी दाबू ते दाखवून द्या."

मी त्याचं बोट धरलं आणि सगळ्यात खालच्या नावावर ठेवलं. शून्याचं एक झालं. दुकानात तोवर आठ-दहा माणसं जमली होती, सगळी आपापले फोन पाहत होती.

"भाऊ," तो म्हणाला, "एका फोनवून किती टाकता येते?"

आता हा प्रश्न त्याच्या डोक्यात कुठून आला ते मला लगेच कळलं. टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम असतो, आपल्या आवडीच्या गाणाऱ्याला जितके मेसेज पाठवाल तितकी मतं. एका साली आमच्या भागातलं कोणी पोरगं त्यात होतं, तेव्हा वस्तीवरच्या लोकांनी बोटं दुखेपर्यंत मेसेज पाठवले होते. त्याला वाटलं, हेही तसंच. पोलमध्ये तसं नसतं. एकदा दाबलं की मत पडतं, त्यावरच पुन्हा दाबलं की निघून जातं. हे सांगायला मला चार शब्द लागले असते.

"जितके दाबशीन तितके," मी म्हटलं.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तो सावरून बसला. फोन मांडीवर आडवा धरला, डाव्या हाताने काठ चाचपून खालची जागा धरली आणि उजव्या अंगठ्याने दाबायला लागला. मोजत होता. फवारणीवाल्यांना मोजायची सवय असते, वावराला किती पंप लागले ते चुकलं तर रोज बुडतो. तो तसाच मोजत होता, स्पष्ट, न घाईने. एक मघाशीच झालं होतं म्हणून दोनपासून सुरू केलं.

"दोन. गेलं काय, भाऊ?"

"गेलं."

"तीन. गेलं?"

"गेलं."

सगळ्यांच्या फोनवर तिच्या नावापुढे शून्य, एक, शून्य, एक असं चाललं होतं. ग्रुप जागा झाला. ज्यांनी सकाळी भिऊन मतं काढली होती त्यांनाच आता कंठ फुटला. कुणी लिहिलं, "आमच्या लाइटच्या डीपीवानी चालू-बंद होऊन राह्यलं." कुणी लिहिलं, "नॉन-बीटी उगवली," आणि दुसऱ्याने लगेच, "करपली." मी हे वाचून दाखवलं नाही, पण हसलो. दुकानात सगळे हसत होते आणि तो हसणं ऐकून स्वतःही थोडा हसला. त्याला वाटलं, मतं वाढताहेत म्हणून माणसं खूश आहेत.

"काऊन हासता बे?" त्याने लाडाने विचारलं. "चवतीस."

चाचा आपल्या दुकानातून उठून आला. चष्मा कपाळावर, गळ्यात टेप. त्याने माझ्या फोनमध्ये पाहिलं, मग त्या अंगठ्याकडे पाहिलं. "बस करो भाई," तो मला हळू म्हणाला. "बता दो उसको."

"चाचा, तुमी तुमची मशीन चालवा."

चाचा उभा राहिला. त्याने स्वतः सांगावं, असं मला क्षणभर वाटलं; तो सांगेल आणि माझ्यावरचं ओझं जाईल. पण त्याचं दुकान सरपंचाच्या जागेत होतं. तो आत गेला, आणि त्याची मशीन मात्र चालू झाली नाही.

चाळीसनंतर त्याचा अंगठा थरथरायला लागला. ते थरथरणं त्या फवारणीनंतरचं होतं, हात फार वेळ एका कामात राहिला की सुरू व्हायचं. तो थांबायचा, हात झटकायचा, पुन्हा जागा चाचपायचा. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. माणसं आता मोठ्याने त्याच्यासोबत मोजू लागली, लग्नात वाजंत्रीवाल्याला चेव आणावा तशी. एकोणपन्नासला माझ्या फोनवर एक होतं. तिथं मी त्याचा हात धरू शकलो असतो.

"पन्नास! गेलं ना, भाऊ?"

"गेलं."

"तिले लावून द्या."

शेजारणीचा नंबर मीच लावून दिला आणि फोन त्याच्या कानाला धरला. तो ओरडून बोलत होता. "झाले! पन्नास पुरे झाले. मी सोता मोजले. तू सही करू नोको. आयकलं काय? करू नोको."

तहसीलच्या आवारात काय झालं ते मला माजी सरपंचाने दुसऱ्या दिवशी पोट धरून सांगितलं. ती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, पन्नास झाले. आता तुमी तुमचा शब्द पाळा." त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिला आकडे वाचता येत होते. तिने शून्य पाहिलं. मग कुणीतरी तिला सांगितलं, तुझा नवराच मघापासून टाकतोय आणि काढतोय म्हणून, आणि आवारातली दोन्ही पॅनलची माणसं एकत्र हसली. ती हसू संपायची वाट पाहत थांबली. मग तिने विचारलं, "देल्लं मत वापस घेता येते?"

"पोलमंधी येते."

"अन खऱ्या मशीनमंधी?"

"त्यात नाई येत."

तीन वाजायला अवकाश होता. तिने सही केली. शब्द दिला होता म्हणून केली, असं सरपंच म्हणाला, आणि हे सांगताना तो हसत नव्हता.

पुढचं लवकर उरकतो. सरपंचाची बायको निवडून आली. मी पाकीट लिहिलं होतं, पण चाचाने ते निकालाच्या आदल्या दिवशीच परत आणून दिलं. "ये अपने पास रखो," एवढंच. ते मी घरी एकट्याने उघडलं. जिंकणारी बरोबर होती, फरक चुकला होता, आणि फार चुकला होता. वस्तीच्या बूथवर नोटाला, म्हणजे 'यांपैकी कोणीही नाही' या बटणाला, इतकी मतं निघाली की मोजणाऱ्याने आकडा दोनदा वाचला. वस्तीतच नव्हे, गावातल्या बूथवरही निघाली. माझ्या कागदावर नोटाचं नावच नव्हतं, कारण आमच्याकडे ते बटण कुणी दाबलेलं मला माहीत नव्हतं. तेव्हा मला लाज वाटली नाही. चुकल्याची चीड आली. लाज नंतर आली, कित्येक वर्षांनी, आणि तोवर त्या लाजेचा कुणाला काही उपयोग राहिला नव्हता. पांदण आहे तशीच आहे. ती बाई आता पार धामणगाव बढे गावातल्या दुकानातून बियाणं आणते, बॅग डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून जाते.

पण त्या दिवसाची संध्याकाळ राहिली. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

पन्नास झाल्यावर तो घरी गेला नाही. बस येईपर्यंत माझ्याच पायरीवर बसून राहिला. खूप बोलत होता, एरवी तो बोलणारा माणूस नव्हता. पांदणीवर आधी मुरूम टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी नाली काढायची, नाल्यावर पाइप टाकायचे. "मंग तुमचा खताचा टॅक्टर थेट वस्तीवर येते, भाऊ. पयला तुमचाच." मला म्हणाला, "तुमी बसून पाह्यलं म्हणून झालं. नाईतं मले काय कयते याच्यातलं." बसचा हॉर्न ऐकला तेव्हा त्याने समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. स्वतःसाठी सांगितला नाही.

ती उतरली. बरोबरची शेजारीण रडलेली दिसत होती, ती नव्हती. दुकानात दुपारचीच बरीचशी माणसं होती. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि नवऱ्यापाशी येऊन काठी त्याच्या हातात दिली.

"राह्यला ना अर्ज?" त्याने विचारलं.

"नाई राह्यला. माह्याच सहीत चूक निघाली."

त्याने काठी जमिनीवर टेकली. मग म्हणाला, "पण पन्नास तं होते?"

"होते. तुमी मोजले ना? तेवढेच होते." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, शाप नव्हता. नळी परत घेता का म्हणून विचारताना पाहिलं होतं तसंच पाहिलं. "इचारा ना भाऊले. भाऊ, होते ना पन्नास?"

त्याने तोंड माझ्या दिशेला केलं. नेमकं माझ्याकडे नव्हतं, थोडं बाजूला, औषधाच्या कपाटाकडे होतं.

दुपारभर मी 'गेलं, गेलं' म्हणत आलो होतो. आता 'होते' म्हणायचं होतं. तेही खोटंच, पण तिने मागितलेलं. ती जुनी नळी सोडली, तर आजवर तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. समोर दहा-बारा माणसं उभी होती. त्या सगळ्यांना खरा आकडा ठाऊक होता, आणि त्यांच्यासमोर मी आकडा कधी चुकीचा सांगितलेला नव्हता.

"शून्य," मी म्हणालो. "शून्य होतं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी त्याला समजावून सांगितलं. एकदा दाबलं की पडते, दुसऱ्यांदा दाबलं की निघते. पन्नास म्हणजे शून्यच. एकोणपन्नासवर थांबला असता तर एक राहिलं असतं. मी चांगलं समजावतो, औषधाचं प्रमाण समजावून समजावून सवय झाली आहे. या वेळी कुणी हसलं नाही.

त्याचा अंगठा हवेतच दोनदा हलला, खाली, आणि पुन्हा खाली. मग तो तिच्याकडे वळला.

"म्हंजे तुहं मत मीच काढलं?"

"चाला," ती म्हणाली. "दिवस बुडून राह्यला."

तिने त्याचा दंड धरला आणि दोघं पांदणीला लागली. त्याने माझ्यासाठी सांगितलेला चहा तेवढ्यात आला. गरम होता. मी प्यालो.